लोकवर्गणीतून ग्वेंडोलिन ब्रुक्स यांचे भित्तिचित्र: भिंत, परवानगी, पैसा आणि रंग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोच्या दक्षिण भागात, ब्रॉन्झव्हिल या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीला लागून असलेल्या आपल्या वस्तीतील रहिवाशांनी कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांचे भित्तिचित्र लोकवर्गणीतून करायचे ठरवले आहे. एका दुकानाची बाजूची भिंत हेरून ठेवली आहे, दुकानमालकाने तोंडी होकार दिला आहे आणि ओळखीचा एक चित्रकार संकल्पचित्र फुकट करून द्यायला तयार आहे. खर्च किती येईल, पैसे कसे जमवावेत, कोणत्या परवानग्या लागतील आणि चित्र किती वर्षे टिकेल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. त्याशिवाय, या कामात तिथल्या मराठी मंडळींनी कितपत पुढे यावे, असेही आपण विचारले आहे. मी याच शहरात अनेक वर्षे भित्तिचित्रांची कामे करतो. त्यांत भिंतीची तयारी, रंग आणि परांची ही बाजू बहुधा माझ्याकडे असते आणि चित्राची कल्पना त्या त्या वस्तीतल्या चित्रकाराची असते. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी ते संकल्पचित्र थांबवा. चित्रकाराचा हेतू चांगलाच असणार, परंतु एकदा का रंगीत चित्र लोकांपुढे आले, की सगळी चर्चा ते आवडले की नाही एवढ्यावरच येऊन थांबते आणि कोणत्या ब्रुक्स आपल्याला भिंतीवर हव्या आहेत, हा मूळ प्रश्न विचारलाच जात नाही. लोकवर्गणीच्या भित्तिचित्रात पहिला निर्णय, निर्णय कोण घेणार याचा असतो. सात ते नऊ जणांची समिती करावी आणि तिच्यात ती भिंत रोज ज्यांच्या नजरेस पडते अशी माणसे बहुसंख्य असावीत: समोरच्या इमारतीतले भाडेकरू, बसथांब्यावर उभे राहणारे, जवळच्या ग्रंथालयातील कर्मचारी, शाळेतील एखादे शिक्षक, चर्चमधील ज्येष्ठ स्त्रिया आणि निदान दोन तरुण. ज्या चित्रकाराला काम मिळू शकते त्याने समितीत असू नये. अंतिम चित्राला मान्यता कोण देणार, पुढे त्यात बदल करायचा झाल्यास कोणाची संमती लागणार आणि धनादेशावर सह्या कोणाच्या असणार, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. हा कागद रुक्ष वाटतो, परंतु त्याच्या अभावी काय होते याचे उदाहरण आपल्याच भागात घडलेले आहे आणि त्याचा ब्रुक्स यांच्याशी अगदी जवळचा संबंध आहे.

1967 च्या ऑगस्ट महिन्यात ब्रुक्स यांनी शिकागोत दोन लोकार्पण सोहळ्यांसाठी दोन कविता लिहिल्या. 15 ऑगस्टला शहराच्या मध्यभागी पिकासोच्या प्रचंड पोलादी शिल्पाचे अनावरण झाले. ते शिल्प महापौरांच्या उपस्थितीत आणि मोठ्या धर्मादाय न्यासांच्या पैशांतून उभे राहिले होते. त्यानंतर बाराच दिवसांनी, 27 ऑगस्टला, त्रेचाळिसावा रस्ता आणि लँगली अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरील एका जुनाट इमारतीच्या भिंतीसमोर त्या पुन्हा कविता वाचण्यासाठी उभ्या राहिल्या. ती भिंत म्हणजे 'वॉल ऑफ रिस्पेक्ट'. विल्यम वॉकर आणि कृष्णवर्णीय कलावंतांच्या एका संघटनेतील त्यांचे सहकारी यांनी, कोणत्याही सरकारी आश्रयाशिवाय, पन्नासहून अधिक कृष्णवर्णीय नायक-नायिका तिच्यावर रंगवल्या होत्या. साहित्यिकांच्या विभागात खुद्द ब्रुक्स होत्या आणि विद्वान लेखक ड्यू बॉइसही होते. कोणाला स्थान द्यायचे याची चर्चा वस्तीशी होत असे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या सर्वमान्य नेत्याचे चित्र त्या भिंतीवर नव्हते आणि माल्कम एक्स यांच्यासारख्या जहाल नेत्याचे होते, यावरून त्या निवडीमागे शहराच्या अधिकृत आवडीनिवडी नव्हत्या हे कळते.

अमेरिकेतील वस्त्यावस्त्यांमधून पुढे पसरलेल्या भित्तिचित्र चळवळीचा उगम बहुतेक अभ्यासक याच भिंतीत पाहतात. तिच्याकडून शिकण्यासारख्या दोन गोष्टी मात्र दुःखद आहेत. नॉर्मन पॅरिश यांनी रंगवलेला विभाग काही आठवड्यांतच त्यांच्या संमतीशिवाय पांढरा फासून दुसऱ्या चित्रकाराकडून नव्याने रंगवून घेण्यात आला आणि त्यावरून कलावंतांमध्ये जी तेढ निर्माण झाली ती भरून निघाली नाही. बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले नव्हते. दुसरी गोष्ट अशी की इमारत वस्तीच्या मालकीची नव्हती. 1971 मध्ये तिला आग लागली आणि त्यानंतर ती पाडण्यात आली. पिकासोचे शिल्प आजही जागेवर आहे; ज्या भिंतीने या शहरातील सामान्य माणसाला रस्त्यावर आपला चेहरा दाखवला, ती छायाचित्रांत उरली आहे. मला याचे वाईट वाटते आणि म्हणूनच आपल्या दुकानमालकाच्या तोंडी होकारावर मी समाधान मानू शकत नाही.

त्या होकाराचा लेखी करार करून घ्या. भिंतीवर चित्र किमान दहा वर्षे राहू द्यावे, इमारत विकली गेली तरी नव्या मालकावर ही अट बंधनकारक राहावी यासाठी तिची मालमत्तेच्या दप्तरी नोंद व्हावी, देखभालीसाठी भिंतीपर्यंत जाण्याचा हक्क मिळावा आणि चित्र काढून टाकण्याची वेळ आलीच तर नव्वद दिवसांची लेखी पूर्वसूचना मिळावी, एवढे मुद्दे त्यात असलेच पाहिजेत. शेजारचा भूखंड मोकळा असेल तर तो कोणाचा आहे आणि तिथे बांधकाम होण्याची शक्यता आहे का, हेही आजच पाहा, कारण चित्र शाबूत राहूनही समोर चार मजली इमारत उभी राहिली तर सगळेच व्यर्थ. कलावंताचे हक्कही स्पष्ट असावेत. 1990 च्या दृश्यकलावंत हक्क कायद्याने अमेरिकेत मान्यताप्राप्त दर्जाच्या कलाकृतीचा नाश रोखण्याचा हक्क, काही अटींसह, कलावंताला दिलेला आहे. न्यूयॉर्कमधील फाइव्ह पॉइंट्झ या इमारतीच्या मालकाने 2013 मध्ये तिथली चित्रे रातोरात पांढरी करून टाकली, तेव्हा याच कायद्याखाली 2018 मध्ये न्यायालयाने 21 कलावंतांना मिळून 67 लाख 50 हजार डॉलर भरपाई दिली आणि 2020 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्या निकालापासून इमारतमालक धास्तावलेले असतात आणि चित्रकाराने हे हक्क आधीच सोडून द्यावेत असा आग्रह धरतात. हक्क पूर्ण सोडून देण्यापेक्षा वर सांगितलेली मुदत आणि पूर्वसूचना यांवर तडजोड करावी, असे माझे मत आहे. मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्यावा. कलावंतांना मोफत सल्ला देणारे वकील या शहरात मिळतात.

आता खुद्द भिंतीकडे वळतो, कारण पैशांचा अंदाज तिच्यावरच अवलंबून आहे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीजवळ जा. विटांवर पांढरी पूड फुलून आली असेल तर भिंतीला लोणा लागला आहे, म्हणजे पाणी आतून वाट काढत आहे. अशा भिंतीवर कितीही महागडा रंग दिला तरी दोन हिवाळ्यांत त्याचे पोपडे सुटतात. किल्लीच्या टोकाने विटांमधल्या सांध्यातला चुना-सिमेंट हळूच खरवडून पाहा; तो वाळूसारखा गळत असेल तर आधी गवंड्याकडून सांध्यांत नव्याने मसाला भरून घ्यावा लागेल. जुन्या, मऊ विटांच्या इमारतीत त्यासाठी चुन्याचे प्रमाण अधिक असलेला मसाला वापरावा, कारण कडक सिमेंट भरल्यास थंडीत सांधा तसाच राहतो आणि वीट फुटते. वर मान करून छताच्या कडेवरचे दगड आणि पन्हळ तपासा. भिंतीचे बहुतेक आजार तिथून सुरू होतात. मग तळहाताएवढ्या जागेवर पाण्याचे चार थेंब उडवा. वीट ते शोषून घेत असेल तर ती अस्तर धरेल; थेंब तसेच ओघळून गेले तर कोणीतरी पूर्वी तिच्यावर जलरोधक लेप दिलेला आहे आणि तो काढल्याशिवाय रंग बसणार नाही. शेवटी प्लॅस्टिकचा दीड फुटाचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला दव जमलेले दिसले तर भिंत अजून ओली आहे.

दिशाही पाहावी. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला ऊन जास्त लागते आणि तिथे स्वस्त लाल-पिवळे सर्वांत आधी विटतात. गेरू, काव, अंबर (तपकिरी माती) यांसारखे मातीतून येणारे रंग आणि थॅलो या कृत्रिम रंगद्रव्याचे निळे-हिरवे मात्र तग धरतात. रंगपेटी निवडताना चित्रकाराने हे ध्यानात घेतले नाही, तर काही वर्षांनी चेहरा राहतो आणि त्यातली ऊब निघून जाते.

खर्चाचे सांगायचे तर शिकागोत चांगल्या प्रतीच्या कामाला माझ्या अनुभवात दर चौरस फुटामागे साधारण तीस ते पंचेचाळीस डॉलर येतात. आपली भिंत वीस फूट उंच आणि चाळीस फूट लांब धरली तर आठशे चौरस फुटांचे 24 ते 36 हजार डॉलर होतात. यात चित्रकार व साहाय्यकांचे मानधन, रंग, परांची किंवा उचलयंत्राचे भाडे, विमा आणि संरक्षक लेप धरलेला आहे. गवंडीकाम धरलेले नाही, ते भिंत पाहूनच कळेल. परांचीवर दहा फुटांच्या वर काम असेल तर पडण्यापासून संरक्षणाची सोय कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा तिथे काटकसर करू नये. एकूण रकमेच्या दहा टक्के देखभालीसाठी वेगळे ठेवावेत आणि ही रक्कम चित्र पूर्ण होईपर्यंत कोणीही हात लावू नये अशा खात्यात असावी. चित्रकाराला फुकट काम करू देऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. दोन-तीन चित्रकारांकडून संकल्पचित्रे मागवा आणि प्रत्येकाला त्याबद्दल ठरावीक मोबदला द्या. ब्रुक्स यांनी इलिनॉय राज्याच्या राजकवी असताना मुलांसाठी काव्यपुरस्कार सुरू केले आणि त्यांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. त्यांच्या नावाच्या कामात कलावंताची मेहनत फुकट घेणे शोभणार नाही.

पैसे गोळा करण्यासाठी स्वतंत्र संस्था नोंदवण्याची गरज नाही. करमाफी असलेली एखादी धर्मादाय संस्था, ग्रंथालयाचे मित्रमंडळ किंवा चर्च आर्थिक पालकत्व घेते. पैसे तिच्या खात्यात जमा होतात, देणगीदाराला करसवलत मिळते, राज्याकडील नोंदणी तिची चालते आणि त्या बदल्यात ती साधारण पाच ते दहा टक्के घेते. 250 डॉलर किंवा त्याहून अधिक देणाऱ्याला लेखी पोचपावती देणे तिचे काम असते. ऑनलाइन वर्गणीच्या मंचांपैकी किकस्टार्टरवर ठरवलेले उद्दिष्ट पूर्ण झाले तरच पैसे मिळतात आणि त्यातून पाच टक्के शुल्क व व्यवहारखर्च वजा होतो. वस्तीतल्या कामाला हा 'सगळे किंवा काहीच नाही' प्रकार मला योग्य वाटत नाही, कारण शेजारच्या आजीबाईंनी देऊ केलेले दहा डॉलर घेतलेच न जाणे हा नुसता हिशेबाचा प्रश्न राहत नाही, लोकांचा विश्वास त्यामुळे खचतो.

सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी पाहत वाढलेल्या आपल्या माणसांना पावतीपुस्तकाचे मोल वेगळे सांगायला नको. दारोदार जाऊन घेतलेली लहान रक्कम, लगेच फाडून दिलेली पावती आणि चौकात लावलेला जमाखर्चाचा फलक, या तीन गोष्टींनी जो विश्वास निर्माण होतो तो संगणकावरील पानाने होत नाही. दर महिन्याला भिंतीवरच जमाखर्च चिकटवा. कोणाही एकाकडून एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नये, असा नियम समितीने आधीच करावा, असे मी सुचवेन. मोठी रक्कम देणारा आज बोधचिन्ह मागतो आणि उद्या मजकुरात बदल सुचवतो. देणगीदारांची नावे लावायचीच असतील तर आकारात फरक न करता, वर्णक्रमाने, रकमेचा उल्लेख न करता लावावीत. वॉर्डाच्या नगरसेवकाकडून किंवा एखाद्या न्यासाकडून पूरक रक्कम मिळवायची असल्यास, आधी शंभर-दोनशे घरांची वर्गणी झालेली दाखवा. त्या कागदाचे वजन कोणत्याही अर्जापेक्षा जास्त पडते.

एक कायदेशीर बाब बहुतेक मंडळे विसरतात. इलिनॉय राज्यात व्यक्तीच्या नावा-चेहऱ्याच्या व्यापारी वापराविषयीचा कायदा 1999 पासून लागू आहे आणि त्याचे संरक्षण मृत्यूनंतर पन्नास वर्षे टिकते. ब्रुक्स यांचे निधन 3 डिसेंबर 2000 रोजी झाले. कलाकृती म्हणून चित्र रंगवण्याला त्या कायद्यात सवलत आहे, परंतु 'व्यापारी हेतू'च्या व्याख्येत निधी गोळा करण्यासाठी केलेला वापरही येतो. म्हणजे ब्रुक्स यांचा चेहरा छापलेले सदरे आणि पिशव्या विकून वर्गणी जमवण्याचा जो उत्साही बेत प्रत्येक मंडळात निघतो, त्याला वारसांची परवानगी लागते. त्यांच्या ओळी भिंतीवर लिहिण्यालाही लागते, कारण 1945 चा पहिला संग्रहसुद्धा अजून कॉपीराइटखाली आहे. ब्रुक्स यांच्या लेखनाचे हक्क 'ब्रुक्स परमिशन्स' ही संस्था पाहते. तिथे पत्र पाठवताना कोणती कविता, नेमक्या किती ओळी, किती आकारात, कोणत्या पत्त्यावर, किती वर्षांसाठी आणि वर्गणीसाठी नाव व छबी कशी वापरणार, हे सर्व एकाच पत्रात लिहा. ज्या छायाचित्रावरून चेहरा रंगवणार त्याचा हक्क बहुधा छायाचित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. तो स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. या पत्रव्यवहाराला महिने लागतात, म्हणून तो वर्गणीच्या आधी सुरू करावा.

इतके झाल्यावर चित्राकडे यावे आणि इथे मात्र घाई करू नये. समितीने आणि वस्तीने मिळून ब्रुक्स वाचाव्यात, चार-पाच संध्याकाळी मोठ्याने वाचाव्यात. 1917 मध्ये कॅन्ससमध्ये जन्मलेली आणि तान्ही असतानाच शिकागोत आलेली ही कवयित्री 1950 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली, हे सर्वांना माहीत असते. तिने ब्रॉन्झव्हिलच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांतले जिणे, जिन्यातले वास, सामाईक न्हाणीघरापाशी लागणारी रांग आणि गर्भपात केलेल्या आईचे मन कवितेत आणले, हे थोड्यांनाच माहीत असते. 1967 मध्ये फिस्क विद्यापीठातील लेखक संमेलनाहून परतल्यानंतर तिने ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीतील तरुणांसाठी लेखनाचा वर्ग घेतला आणि पुढे मोठे प्रकाशनगृह सोडून आपली पुस्तके कृष्णवर्णीयांच्या लहान प्रकाशनसंस्थांना दिली. आता सांगा, भिंतीवर कोणत्या ब्रुक्स हव्यात? स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिणारी तरुण गृहिणी, की जाड चष्म्याची, डोक्याला रुमाल बांधलेली, वर्गभर मुलांमध्ये बसलेली ज्येष्ठ कवयित्री? माझा कल दुसऱ्या चित्राकडे आहे, कारण ज्यांनी त्यांना ग्रंथालयात आणि शाळांत पाहिले अशी माणसे आजही त्या रस्त्यांवरून चालतात आणि त्यांना ओळखू येईल असा चेहरा भिंतीवर असावा. तरीही हा निर्णय माझा किंवा आपला नाही.

ओळींच्या बाबतीत एक सावधगिरी. सर्वजण पहिल्याच बैठकीत बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाच्या अड्ड्यावरील सात पोरांची 'वी रिअल कूल' ही छोटी कविता सुचवतील, कारण शाळेत तीच शिकवतात. तिचा शेवट त्या पोरांच्या अकाली मरणात होतो. ज्या वस्तीने गोळीबारात मुले गमावली आहेत तिथे ती ओळ रोज डोळ्यांसमोर असावी की नाही, हे त्या मुलांच्या आयांना विचारल्याशिवाय ठरवू नये. आणि ती निवडलीच, तर ओळी जशा तुटतात तशाच रंगवाव्यात. त्या कवितेत 'आम्ही' या अर्थाचा शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी एकटा लोंबकळत राहतो आणि सगळा अर्थ त्या थांबण्यात आहे. जागा पुरत नाही म्हणून रंगाऱ्याने तो खालच्या ओळीत ढकलला तर कविता मोडली. अक्षरांची उंची ठरवताना वाचणाऱ्याच्या अंतराचा दर दहा फुटांना एक इंच हा हिशेब धरावा, म्हणजे साठ फुटांवरच्या समोरच्या पदपथावरून वाचायचे असेल तर अक्षर सहा इंचांहून लहान नको.

त्वचेच्या रंगाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे मी अनेक चांगली चित्रे बिघडताना पाहिली आहेत. ब्रुक्स काळ्यासावळ्या होत्या आणि समाजाच्या आतही गोरेपणाला मिळणाऱ्या पसंतीची जखम त्यांच्या पहिल्याच संग्रहात, एका शाळकरी मुलीच्या कवितेत, उघड मांडलेली आहे. अशा कवयित्रीचा चेहरा भिंतीवर दोन छटा उजळ करणे म्हणजे त्यांच्या लेखनालाच खोडून काढणे होय. हे बहुधा कोणी मुद्दाम करत नाही. मोठ्या पृष्ठभागावर गडद रंग दुरून एकसपाट दिसतो, म्हणून रंगारी त्यात पांढरा मिसळतो आणि चेहरा राखेसारखा होतो. पांढरा आणि काळा हे दोन्ही डबे या कामात बाजूला ठेवावेत. भाजलेले अंबर, गेरूचा लाल आणि अल्ट्रामरीन निळा यांतून गडद छटा तयार करावी. गालाच्या आणि कपाळाच्या उजेडासाठी पिवळी काव व नारिंगी, आणि जबड्याखालच्या सावलीसाठी जांभळट निळा घ्यावा. मग त्वचा गडदही राहते आणि तिच्यात प्रकाश खेळतो. चार फुटांचा नमुना रंगवून तो भिंतीवर सकाळी, दुपारी आणि रस्त्यावरच्या दिव्यात पाहावा आणि ब्रुक्स यांना पाहिलेल्या माणसांकडून पसंत करून घ्यावा.

वस्तीतल्या सर्वांना रंगवायला मिळावे अशी आपली इच्छा आहे, ती पुरी करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पॅराशूट कापड. हे न विणलेले, पातळ, मजबूत कापड पाच फुटांच्या चौकोनांत कापतात, त्यावर चित्राची रेखाकृती उतरवून प्रत्येक भागावर रंगाचा क्रमांक लिहितात आणि ग्रंथालयाच्या किंवा चर्चच्या दालनात टेबलांवर पसरून लोकांना रंगवायला देतात. दह्याच्या रिकाम्या डब्यांत क्रमांक घातलेले रंग, एका बाजूला सात वर्षांचे मूल, दुसऱ्या बाजूला चाकाच्या खुर्चीतले आजोबा, असे काम चालते. परांचीवर कधीच चढू न शकणारी माणसे या पद्धतीने चित्रात येतात. चेहरा, हात आणि अक्षरे मुख्य चित्रकाराकडेच राहतात. रंगवलेले तुकडे पुढे ॲक्रिलिक जेलने भिंतीवर कागद चिकटवावा तसे बसवतात. हवा राहू नये म्हणून मधून कडेकडे दाबत जावे लागते आणि कडा चांगल्या बंद कराव्या लागतात, कारण पाणी शिरते ते कडेतूनच. ओलसर भिंतीवर ही पद्धत वापरू नये. तिथे थेट विटेवर श्वास घेऊ देणारा सिलिकेट रंग बरा.

वरून देण्याचा संरक्षक लेपही वाफ बाहेर जाऊ देणारा असावा. अक्षरे आणि खालचे आठ फूट यांवर काढून पुन्हा देता येईल असा लेप द्यावा, म्हणजे कोणी काही खरडले तर लेपासकट पुसता येते. दर वसंतात समितीतल्या दोघांनी भिंतीची छायाचित्रे त्याच जागेवरून घ्यावीत आणि सुटलेली कड आढळल्यास लगेच चिकटवावी. शिकागो महापालिकेकडे भित्तिचित्रांची नोंदवही आहे, तिच्यात नोंद करून घ्या. भिंतीवरील खरडाखरड पुसणारी महापालिकेची पथके शहरभर फिरतात आणि नोंद नसलेले चित्र चुकून पुसले जाऊ शकते.

मराठी मंडळींच्या सहभागाविषयी माझे मत स्पष्ट आहे. आपण त्या वस्तीत राहता, तेव्हा शेजारी म्हणून वर्गणी द्यावी, पावत्या फाडाव्यात, हिशेब लिहावा, रंगकामाच्या दिवशी जेवण करून न्यावे. मुख्य चित्रकार त्या भागातील कृष्णवर्णीय कलावंत असावा आणि समितीचे अध्यक्षपद तिथल्या जुन्या रहिवाशाकडे असावे. भिंतीवर मराठी ओळ असावी ही आपल्यातील काहींची सूचना मी मान्य करणार नाही. आपले नाते खरे आहे: 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. 1972 मध्ये मुंबईतील तरुण दलित लेखकांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा दाखला प्रारंभापासून आहे. हे नाते सांगण्यासाठी ग्रंथालयात एक संध्याकाळ घ्या, दोन्हीकडच्या कविता वाचा, तिथल्या लोकांना प्रश्न विचारू द्या. भिंतीवरची जागा मात्र ब्रुक्स यांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची आहे.

वेळापत्रकाचे एवढेच सांगतो. ब्रुक्स यांचा जन्मदिवस 7 जूनला येतो आणि प्रत्येकाला त्याच दिवशी अनावरण हवे असते. परंतु शिकागोत रात्रीचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली असताना ॲक्रिलिक रंग नीट धरत नाही, त्यामुळे भिंतीवरचे काम मे महिन्याच्या उत्तरार्धाआधी सुरू करता येत नाही. 7 जूनला दालनात कापड रंगवण्याचा पहिला दिवस ठेवा, जुलैत भिंतीवर काम करा आणि अनावरण ऑगस्टच्या अखेरीस करा. गवंड्याला मात्र यंदाच, थंडी पडण्यापूर्वी, भिंत दाखवा, आणि हक्कांसाठीचे पत्र त्याच आठवड्यात पाठवा.